पॅनिकचा देव

पंच्याऐंशी साली आम्ही गाव सोडलं, तेव्हा एसटीत बसण्याआधी आईने व्हाळाकाठी नारळ ठेवला. मालवणकडच्या आमच्या गावाची शीव म्हणजे हा व्हाळ, लहानसा ओढा. तिथपर्यंत राखणदार फिरतो, गाव राखणारा देव. "म्हाराजा, पोरांका सांभाळ," आई म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून, "पण तेची हद्द हयसरच संपता गे." निरोप देताना कोणी असं बोलतं का!

बोरीवलीला नवऱ्याने घेतलेली खोली अगदी शेवटच्या बिल्डिंगमध्ये, मागे सरळ नॅशनल पार्कचं जंगल. बिबट्याच्या बातम्या वॉचमन रोज ताज्या द्यायचा. खालच्या मजल्यावर लेलेसर, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. जिन्यात माणूस सापडला की एखाद्या इंग्रजी शब्दाचं कूळ सांगितल्याशिवाय त्याला सोडायचे नाहीत. एकदा हातात भाजीची पिशवी असताना मला 'पॅनिक' ऐकवला. ग्रीकांचा पॅन नावाचा रानातला देव. तो दिसत नाही, पण चाहूल लागली की गुरं उधळतात, माणसं सैरावैरा पळतात. ती भीती म्हणजे पॅनिक. सरांना मोठी गंमत वाटत होती, मला मुळीच वाटली नाही. म्हणजे रानाला मालक असतोच, आणि इथल्या मालकाला आम्ही साधं विचारलंही नव्हतं.

महिन्याभरात एका तिन्हीसांजेला पाच वर्षांची माझी सुमी दिसेनाशी झाली. गच्ची, टाकीमागची जागा, शेजारची बिल्डिंग, सगळं पालथं घातलं. त्यात लाइट गेलेले. "डोन्ट पॅनिक, वहिनी!" सर ओरडले आणि माझी वाटच लागली. त्या देवानेच तिला नेलं, असं वाटलं. कुंपण धरून रानाकडे तोंड करून मी किंचाळले, "म्हाराजा, तू कोण आसस म्हायत नाय! हद्द तुझी, पण चेडू माझा! परत दी!"

गावी असं गाऱ्हाणं घातलं की जमलेले सगळे एका सुरात होकार देतात. करवंदीच्या जाळीतून बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

बाईसाहेब लपाछपीत लपल्या होत्या, आणि बाकीची पोरं केव्हाच घरी गेली होती. मी तिला ओढून घेतलं, एक रट्टा दिला आणि तिथेच मातीत बसून रडले.

गावात राहिलेले तुम्ही विचारता, मुंबई आता घर झालं ना? झालं. पण तुम्ही घाबरलात की देवाला नावाने हाक मारता. मला इथे अजून 'तू कोण आसस' इथूनच सुरुवात करावी लागते.