रंगूनची शिदोरी

आमच्या दवनीवाड्याला अंतर शिदोरीत सांगत. तिरोडा एका शिदोरीचा, नागपूर दोन शिदोऱ्यांचं. मैलबिल साहेबलोकांचे. शिवाय निघणाऱ्याजवळ फडक्यात घरच्या पोह्यांची एक मूठ बांधून द्यायची. ती वाटेत खायची नाही; तशीच परत आणायची आणि मग सगळ्यांनी घास घास वाटून घ्यायची. तिला परतीची मूठ म्हणत. आता कोण बांधतं? मला मात्र आठवण आली की जीव कासावीस होतो.

बाबा धानाच्या गिरणीचे मिस्त्री. शेठजींची एक गिरणी गोंदियाला, दुसरी थेट रंगूनला. बाबा कलकत्त्याहून आगबोटीनं निघत, तेव्हा शिदोऱ्या बांधता बांधता आईचे हात दुखून येत. एका वर्षी ऐन हंगामात तिकडचं इंजिन बसलं आणि शेठजींनी चक्क विमानाचं तिकीट काढलं. काय तो बाबांचा रुबाब! गावभर एकच टकळी: सकाळी कलकत्त्यात चहा प्यायचा, दुपारी रंगूनात जेवायचं. गोंदियाहून कलकत्त्याला रेल्वेनं जास्त वेळ लागतो, आणि इथे तर मधे अख्खा समुद्र!

आईनं विचारलं, मग शिदोऱ्या किती? बाबा हसले. म्हणाले, एक पान तोंडात टाकलं की आलंच रंगून, एवढ्याशा वाटेला कसली आली परतीची मूठ? आईचं तोंड उतरलं. पण निघताना तिनं मूठ त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबलीच.

त्याच हिवाळ्यात रंगूनवर बॉम्ब पडले. बाबांची खबर बंद झाली. शेठजींचे मुनीमजी सांगून गेले, विमानं साहेबलोकांसाठी आहेत, बोटीत पाय ठेवायला जागा नाही, बाकीची माणसं डोंगरातून पायी येऊन राहिली आहेत. आईनं त्यांना एकच विचारलं, "पायी किती शिदोऱ्या जी?"

पावसाच्या तोंडावर, रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायच्या दिवसांत, अंगणात एक माणूस येऊन बसला. नुसता सापळा. आईनं आधी कोट ओळखला, मग बाबांना. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून फडकं काढून तिच्या हातात दिलं. गाठ तिचीच होती. आत पोहे काळे पडलेले, किडे लागलेले.

आई असली भडकली! "उपाशी चालले ना जी? मंग हे काऊन नाही खाल्ले?"

"रोज हात जाये खिशात," बाबा म्हणाले. "पन खाऊन टाकले असते, त मी तिथंच बसलो असतो."

आई रडत होती आणि बोलतही होती. तिनं पोहे पाखडले, धुतले, गूळ कालवून सगळ्यांच्या हातावर ठेवले. कडू लागत होते. बाबांनी आणखी मागितले, पण उरले नव्हते.