दही कुणाच्या हातावर

पित्ताच्या खड्यांची पेशंट आमचे सर्जन दारातूनच ओळखत. चाळिशीच्या आसपासची बाई, अंगानं भरलेली, पाच-सहा बाळंतपणं झालेली, तुपाचं खाल्लं की कळा. मी सांगलीजवळच्या त्या दवाखान्यात नवी नर्स होते आणि हा नियम पाठ झाल्याचा मला भारी तोरा होता. एखादी सडपातळ पोर त्याच दुखण्यानं आली की तो उतरायचा.

पलूसकडची ही बाई मात्र नियमात चपखल बसत होती. वय विचारलं तर सासू म्हणाली, "पलेगाच्या साली जल्मली." मुलं किती विचारलं तर म्हणाली, "लेकरं मोजू न्हाईत." दुपारी सगळी भेटीला आली तेव्हा मीच मोजली. सहा निघाली.

ऑपरेशनच्या सकाळी मी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" दोघी म्हणाल्या, "न्हाई." पण सुनेच्या ओठाला दही लागलेलं. मोठ्या कामाला निघताना हातावर दही-साखर घालायची, हा शकुन. त्याला खाणं कोण म्हणतं? इकडे भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. ऑपरेशन आठवडाभर पुढं गेलं. मी सासूला चांगलीच फैलावर घेतली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मधल्या दिवसांत सून दोनदा कळांनी गडाबडा लोळली होती. सर्जन कडाडले, "आणखी एकदा असं झालं तर घरी पाठवा."

तिसऱ्या वेळी मी पहाटेपासून खाटेशी राखणीला बसले. म्हातारी पदराखाली वाटी घेऊन आलीच. मी तिचा हात धरला, तशी ती मटकन खाली बसली.

"थोरल्या लेकीला असंच घाईनं दवाखान्यात न्हेलं, पोरी. हातावर कायबी घातलं न्हाई. ती माघारी आली न्हाई."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. तोंडातून निघून गेलं, "अहो मावशी, सून तर झोपणार आहे. काम डॉक्टरसाहेबांना करायचंय."

म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि तरातरा ऑपरेशनच्या खोलीकडे निघाली. सर्जन हात धुवायला उभे होते. तिनं वाटी पुढं केली. मी जीव मुठीत धरून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हात पुढं केला. दही खाल्लं, आणि मग नेहमीच्या दुप्पट वेळ हात धुतले.

खडे निघाले. सून बरी झाली. घरी निघायच्या दिवशी बैलगाडी दाराशी लागली, तेव्हा म्हातारीनं पुन्हा वाटी काढली. आता मी आडवी आले नाही. तिनं सुनेच्या हातावर दही घातलं आणि मग माझा हात ओढून घेतला.

"मी कुठं निघालेय, मावशी?"

"थोरलीचं ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली. "त्ये तू घे."

ड्यूटीवर काही खायचं नाही असा आमचा नियम होता. मी तिथंच उभ्या उभ्या तळहातावरचं दही चाटूनपुसून खाल्लं.