संत्र्यांची टोपली आणि सूपभर तांदूळ

तुम्ही लिहिलंत की तुमच्या ऑफिसात कुणी दिलेली मिठाईसुद्धा परत करावी लागते, आणि आपल्याकडे मात्र सगळेच घेतात. म्हणून ही हकिकत क्रमाने लिहिते.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. सडक अर्जुनीजवळच्या एका गावात मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. नोकरी तात्पुरती. तपासणीला येणाऱ्या इंग्रज मडमेच्या शेऱ्यावर ती कायम व्हायची, नाहीतर जायची.

मडम कार्तिकात आली. ती पाढे ऐकत असतानाच एका मुलीची आई दारात उभी राहिली. दुसऱ्याची धानाची बांदी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत, कसणारी बाई. हातात सूपभर नवे तांदूळ, वर झेंडूचं फूल. सूप तिने सरळ माझ्या टेबलावर ठेवलं. नवं धान घरी आलं की पहिला वाटा देवाला, मग शिकवणाऱ्याला, अशी तिकडची रीत. नाकारलं तर त्या घराचं अन्न हलकं मानल्यासारखं.

"ही लाच आहे. परत करा," मडम इंग्रजीत म्हणाली.

"काय म्हणून राहिली मडम?" बाईने मला विचारलं.

मी सांगितलं. बाईने बाहेर उभ्या मडमेच्या टांग्याकडे बोट दाखवलं. गावच्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, सकाळीच मडमेला दिलेली संत्र्यांची टोपली त्यात होती.

"मंग थे काय आहे?"

एक शब्द न बदलता मी भाषांतर केलं.

"फळं-फुलं घ्यायला नियमाची परवानगी आहे," मडम म्हणाली. "धान्याला नाही."

"मालगुजाराच्या वाडीत संत्री होते, आमच्या बांदीत धान. ज्याच्याकडं जे होते, थेच देईल ना तो? तिले सांग बाई, संत्री पायजे असन तं आमाले वाडी दे."

मुली फिसकन हसल्या. मडमेने मला विचारलं, "हिची मुलगी पास होईल?"

"गेल्या परीक्षेत मीच तिला नापास केलं. पुन्हा तिसरीतच आहे."

हेही मी बाईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? नापास केली म्हणून नवं देवाव नाही काय?"

मडमेच्या देशात देणाऱ्याचं काम कुठे अडलंय ते पाहत, आमच्याकडे त्याच्या घरी काय पिकलंय ते. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या पटवाऱ्याकडे पोहोचणाऱ्या कोंबड्यांना मात्र आमच्या गावातही कुणी रीत म्हणत नसे.

मडमेने शेरापुस्तक ओढलं. 'ही शिक्षिका तांदूळ घेते आणि तरीही नापास करते. नोकरी कायम करावी.' जाताना संत्री मुलींत वाटून गेली.

पुढच्या परीक्षेत ती मुलगी पहिली आली. तिचे पेपर मी शेजारगावच्या मास्तरांकडून तपासून घेतले होते.