गोळ्याखालची जागा
९ फेब्रुवारी १९५६, सकाळचे साडेदहा. मुलुंडच्या गॅरेजातली माझी नोकरी कायम होणार की नाही, हे एका दगडावर ठरणार होतं. खाणीच्या वाटेवरचा तो नऊ इंची दगड जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या, गिअरच्या गोळ्याला घासत असे. गॅरेजच्या मिस्त्रींनी स्प्रिंगचे पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवून जीप उंच केली होती. मी म्हणाले, “मिस्त्री, उंच झाली ती बॉडी, गोळा होता तिथेच आहे. पण आता मोठी चाकं मावतील, ती लावा.” “लावतो बाई. पण गोळा फुटला, तर तुम्ही आपल्या कॉलेजात शिकवायला जा!” मोठ्या चाकांवरची जीप दगडावर येऊन थांबली, तशी पदर खोचून मी तेलाच्या वासात आडवी झाले आणि मोजपट्टी आत सरकवली. त्यानंतर पुष्कळ यंत्रं मोजली, तरी अभिमानानं सांगावंसं वाटतं ते माप तेच: दगड आणि गोळा यांच्यामध्ये अर्धा इंच.