शेजारच्या फ्रीजरमधला माझा राजमा

तुम्ही हसणार आहातच, तेव्हा आधी हातातला कप खाली ठेवा. चहा अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही.

मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि वसुधा, म्हणजे आमची ही, मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर बंगळुरूला निघाली होती. "डबा लावून देऊ का?" तिनं विचारलं. आता मला सांगा, छत्तीस वर्षं ऑफिस सांभाळलेला माणूस डबा लावून घेईल? मी म्हटलं, "मुळीच नाही. एका दिवसात पंधरा दिवसांचा स्वयंपाक करून गोठवून ठेवणार! रोज एक डबा काढायचा, गरम करायचा, जेवायचं." अशा विषयावरचे चार व्हिडिओ मी बघितले होते. म्हणजे तज्ज्ञच की!

ती गेली त्याच रविवारी तीन पातेली एकदम चढवली. राजमा, छोले आणि डाळ-पालक. सकाळी सुरू केलं ते दुपारी चारला उरकलं. चव बघायची राहिलीच, पण व्हिडिओतली बाई तरी कुठं बघत होती? पंधरा डबे भरले आणि फ्रीजर उघडला, तर आत वसुधाचे मटार, ओलं खोबरं आणि आंब्याचा रस! माझे जेमतेम तीन डबे मावले.

आमच्या वारज्याच्या सोसायटीत समोरच्याच फ्लॅटमध्ये शाहीन आणि सलीम राहतात. शाहीन आम्हाला काका-काकू म्हणते, हक्कानं भांडते, असं घरचं नातं. तिचा फ्रीज चांगला कपाटाएवढा. उरलेले बारा डबे तिच्याकडे नेऊन दिले. आधी तिच्याकडचे संपवायचे, घरचे तीन शेवटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच बेल वाजवली. "काका, आज काय काढून ठेवू?"

"राजमा," मी ऐटीत सांगितलं.

संध्याकाळी गेलो तर गरम करून तिच्या भांड्यात काढून तयार. घरी आणला, एक घास घेतला आणि काय सांगू, डोळेच मिटले! मऊसूत राजमा, आल्याचा हलका झटका, वर दाट रस्सा. हे मी केलं? या हातांनी? वसुधाला लगेच फोन लावला.

"अगं, थंडीत मसाला मुरतो बरं का. तुम्ही बायका ताजं ताजं करत बसता, तिथंच चुकतं."

ती जराशी खोकली. मग म्हणाली, "हो का? छान."

रोज हेच. सकाळी शाहीन विचारायची, मी फर्मान सोडायचो, संध्याकाळी अमृत. मंगळवारचे छोले खाऊन तर मी आरशात स्वतःकडे जरा आदरानं बघितलं. आणि मग, हो, तिथंच माती खाल्ली. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: "रविवारी सकाळी अकरा वाजता क्लब हाऊसमध्ये भेटू या. एका दिवसात पंधरा दिवसांचा स्वयंपाक कसा करावा, हे मी सांगेन. चव घ्यायला मिळेल."

रविवारी सकाळी डबे आणायला गेलो. शाहीन भाजी आणायला गेली होती. सलीमनं फ्रीजर उघडून दिला. "घ्या ना काका, तुमचेच आहेत."

बघतो तर बाराच्या बारा डबे! आठवडाभर रोज खातोय, तरी एकही कमी नाही. आता तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता ना? छे! उलट वाटलं, बघा, किती भरपूर केलंय आपण!

क्लब हाऊसमध्ये वीसेक माणसं जमली होती. थंडीत मसाला कसा मुरतो, यावर मी पाव तास बोललो. मग राजमा कडकडीत गरम करून एकेक वाटी सगळ्यांच्या हातात दिली.

सगळ्यांनी एकदमच पहिला घास घेतला. एवढी शांतता आमच्या सोसायटीत पुन्हा ऐकायला मिळणार नाही. मग कुठूनतरी 'कट्ट' असा आवाज आला. दात आणि राजमा यांतलं कोण हरलं, कळलं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या जोगळेकर काकूंनी वाटी अलगद टेबलावर ठेवली. "फ्रीजरमध्ये ठेवलात, ते उत्तम केलंत," त्या म्हणाल्या. "बाहेर कशाला काढलात?"

मी घास घेतला. करपट वास, दाणे खड्यासारखे आणि मीठ दोनदा. मला वाटलं, माझीच जीभ बिघडली!

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन शाहीन दारात. टेबलावरचे डबे बघून तिनं कपाळाला हात लावला.

"काका, हे का काढलंत?"

"म्हणजे? रोज हेच तर खातोय!"

"कुठलं हेच?" ती कळवळून म्हणाली. "सोमवारी एक डबा उघडला, तर हा वास! तुम्हाला कसं खायला घालू? मग मीच करत होते रोज. तुमचं टाकवेना, म्हणून तसंच ठेवलं. सांगणार होते, पण तुम्ही इतके खूश होतात हो!"

वीस माणसं एकदम हसली. जोगळेकर काकूंनी तर डोळे पुसले. मलाही हसू आवरेना. पाव तासाचं भाषण देऊन मी शाहीनच्या राजम्याचं कौतुक स्वतःच्या नावावर खपवलं होतं! लोक निघताना तिच्याकडे पाककृती मागत होते. माझ्याकडे फक्त वाट्या दिल्या. धुवायला.

दुसऱ्या दिवशी मी लाजेनं तिच्याकडे गेलोच नाही. खिचडीचे तांदूळ धूत होतो, तर बेल वाजली. दारात शाहीन, हातात गरम डबा, आणि आता तिलाच हसू दाबता येत नव्हतं. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली. चष्मा लावून वाचलं.

"छोले. शाहीननं केलेले."

आणि खाली बारीक अक्षरांत: "हे लिहायला वसुधाकाकूंनी सांगितलंय. त्यांना गेल्या सोमवारपासून सगळं माहीत आहे."