कर्नलसाठी राखीव

"सायेब, पॅनिक आलंय."

"कुणाला?"

"मशीनला. आन् आता मलाबी."

फोनवर मगदूम होता. इस्लामपूरच्या पुढं एका साखर कारखान्यात तो कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा. विभाग म्हणजे एक युनिक्स सर्व्हर, काही टर्मिनल आणि सर्व्हरसाठी बसवलेला एसी, ज्याच्याखाली अकाउंट्सचे लोक डबा खायला यायचे. मी सांगलीच्या ब्रांचमध्ये सर्व्हिस इंजिनियर. नव्वदच्या दशकात सांगली आणि साताऱ्याची सगळी मशिनं माझ्याच स्कूटरला बांधलेली होती.

युनिक्सला पुढं काम करणं अशक्य झालं की ते स्क्रीनवर 'पॅनिक' असं लिहून गप्प बसतं. आपल्याला जमत नाही हे उघडपणे कबूल करणारं त्या कारखान्यात तेवढं एकच होतं. पण ते गप्प बसलं की वजनकाटा थांबायचा, कारण उसाच्या वजनाची पावती तिथूनच निघायची. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. ऊस वाळतोय, वजन घटतंय आणि गाडीवाले खिडकीशी येऊन मगदूमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. एम.डी. साहेबांनी त्याला बजावून ठेवलं होतं, "अजून एकदा बंद पडलं तर मशीन गोडाऊनला आणि तू घरी." तो प्रोबेशनवर होता. सीझन नीट पार पडला तरच परमनंट होणार होता.

मला त्याचं फार वाईट वाटायचं. चूक त्याची नव्हती, मेमरीची होती.

मेमरीत सगळं शून्य आणि एक असं लिहिलेलं असतं. धूळ, उष्णता, विजेचा झटका, कशानंही एखाद्या शून्याचा एक होतो. त्या कारखान्यात या तिन्हींचं उत्पादन साखरेपेक्षा जास्त होतं. साध्या मेमरी कार्डाला अशी चूक कळतसुद्धा नाही. ईसीसी नावाचं महाग कार्ड असतं, ते चूक पकडून जागच्या जागी दुरुस्त करतं. आता कर्नल. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मशीनमधली सगळी कामं तोच वाटून देतो. साध्या प्रोग्रॅमच्या मेमरीत चूक झाली तर बहुधा एक टर्मिनल पडतं. कर्नलच्या मेमरीत झाली तर सगळंच पडतं. आमचा कर्नल साध्या कार्डावर बसला होता.

सगळी कार्डं ईसीसी घ्या म्हटल्यावर एम.डी. हसले. शेवटी एकाला मंजुरी मिळाली. ते बसवून कर्नल त्याच्यावरच राहील असं सेटिंग मी केलं.

एम.डीं.नी स्क्रीनवरचे आकडे बघितले. "अर्धं कार्ड रिकामंच दिसतंय की."

"गर्दीच्या वेळी कर्नलला लागतं, सर."

"गर्दी नसताना चेअरमनसाहेबांचा रिपोर्ट चालवा त्यावर."

"नाही सर. ते फक्त कर्नलसाठी राखीव."

मग मी फळ्यावर आकृती काढून त्यांना कर्नल समजावला. त्यांनी मान डोलावली. त्याच वेळी चहा आला होता.

बाहेर पडताना दारात सिक्युरिटी ऑफिसर शेलार भेटले. मेढ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले.

"आत काय बसवलं, सायेब?"

"एक कार्ड आहे. कर्नलसाठी राखीव. कुणाला हात लावू देऊ नका," मी घाईत म्हणालो.

त्यांनी खाडकन टाच जुळवली. मला वाटलं, पायाला मुंगी चावली असेल.

काही आठवड्यांनी एम.डीं.चाच फोन आला. शेअर विभागाला आमच्याच कंपनीचं नवं मशीन घेतलं होतं. उद्घाटनाला मंत्री येणार आणि मशीन हळू चालतंय. मेमरी वाढवली की ते पळेल, म्हणून त्यांनी आमचं अर्धं रिकामं कार्ड काढून आणायला इलेक्ट्रिशियन पाठवला. तेही चालू मशीनमधून, भर सीझनात.

"तुमच्या त्या शेलारनं त्याला दारातून परत पाठवला. आता मी स्वतः आलोय, तर मलाही आत सोडत नाही!"

शेलार आमचे कधीपासून झाले कळेना. मागून त्यांचा आवाज येत होता, "कर्नलसायबाचा लेखी हुकूम दावा आन् न्या. ऑर्डर इज ऑर्डर."

कार्ड निघालं असतं तर मशीन त्याच क्षणी बसलं असतं आणि मगदूमची नोकरीही.

"कोण हा कर्नल?" एम.डीं.नी विचारलं.

आकृती पुन्हा तोंडी काढायला मी सुरुवात करणार होतो. मग म्हटलं, नको.

"सर, सगळी सिस्टीम तेच बघतात."

"फार सीनियर आहेत का?"

"मशीनमध्ये त्यांच्यावर कुणीच नाही, सर."

"मग आधी सांगायचं ना! उगाच वाईट दिसलं असतं." फोन बंद झाला.

मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो. कार्ड जागेवर राहिलं. मंत्र्यांनी नव्या मशीनचं बटण दाबलं आणि भाषण सुरू केलं. भाषण संपण्याच्या कितीतरी आधी मशीन चालू झालं, त्यामुळं ते हळू आहे अशी तक्रार कुणी केली नाही.

सीझनच्या अखेरीला विजेचा मोठा झटका आला. साध्या कार्डावर चूक झाली आणि एक टर्मिनल पडलं. त्यावर चेअरमनसाहेबांचा रिपोर्ट चालू होता. वजनकाट्यावर मात्र पावत्या निघत राहिल्या. नंतर तपासलं तर ईसीसी कार्डानंही त्या दिवशी चुका गुपचूप दुरुस्त केल्या होत्या.

पुढं मगदूमचा फोन आला. "सायेब, झालो."

काय झाला ते विचारावं लागलं नाही. मला खरंच भरून आलं. एसटीडीचं मीटर पळत होतं म्हणून त्यानं ते फार वेळ येऊ दिलं नाही.

सीझननंतर सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा शेलारांना सगळं सांगितलं. कर्नल म्हणजे माणूस नाही, मशीनमधला प्रोग्रॅम आहे म्हणालो.

"तरीच," ते म्हणाले. "आख्खा सीझन गेला, पर एकदाबी गेस्ट हाऊस मागितलं न्हाई. मला तवाच शंका आली हुती."

तेव्हापासून मी कुठल्याच साईटवर आकृती काढली नाही. 'कर्नल साहेबांसाठी राखीव' अशी पाटी लावायचो, आणि साहेबांची बदली झाली का असं कुणी विचारलं, तर अजून नाही म्हणायचो.