बुर्सातला चहा आणि आडवा चमचा

तेच परत. तुर्कस्तान फिरायला पैसे आहेत आणि गावच्या घराच्या गेटला नाहीत, असं दादा फोनवर म्हणाला, म्हणून हे लिहितोय. त्यालाही वाचू दे. ट्रकच्या लायसन्सचा क्लास लावायला मी दोनदा पैसे जमवले. एकदा स्लॅबला गेले, एकदा टाइल्सला. आता गेट. आणि तिकिटाला माझा एक डॉलर लागला नाही. इथे शिकागोजवळ नेपरव्हिलच्या ज्या हॉटेलात मी तंदूर सांभाळतो तिथलं किचन नवीन करायला काढलं, दहा दिवस सुट्टी. मालक काकांनी दिवाळीच्या बोनसऐवजी क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर तिकीट काढून दिलं. मी भारताचं मागितलं होतं. पॉइंट इस्तंबूलपर्यंतच पुरले.

तिथून बुर्साला गेलो, कारण आमच्या शेजारच्या सलूनमधला एमरे बुर्साचा. त्याच्या आईला द्यायला त्याने व्हिटॅमिनच्या चार बाटल्या दिल्या होत्या.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. भारतीय पासपोर्टसोबत अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा ऑनलाइन मिळतो, मला मिळाला, पण नियम बदलतात, आधी बघून घ्या. इस्तंबूलहून बोटीने दोनेक तास, मग बस. बसमध्ये रोख घेत नाहीत, स्टॉपवरच बसचं कार्ड घ्या. मी न घेता चढलो, तर मागच्या एका बाईने माझ्यासाठी स्वतःचं कार्ड मशीनला टेकवलं आणि मी पैसे देऊ केले तर भुवया वर करून च्च केलं. मला वाटलं माझी कीव करतेय. तिकडे च्च म्हणजे फक्त 'नाही', एवढंच.

मांस खात नसाल तर मसूर डाळीचं सूप मागा, वर लिंबू पिळून. पाव हवा तेवढा मिळतो. मोठ्या मशिदीत बूट हातात घेऊन शिरायचं, नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही. आत मधोमध पाण्याचं कारंजं आहे. तिथे मी अर्धा तास बसलो, कोणी उठ म्हटलं नाही.

कोणाच्या घरी गेलात तर रिकाम्या हाताने नको. मी चेस्टनटची मिठाई नेली. दारात बूट काढले की घालायला सपाता देतात. एमरेच्या आईने बाटल्या कपाटात ठेवल्या, माझे गाल धरून काहीतरी बोलली आणि चहा आणला. छोटा ग्लास, बिनदुधाचा, कडक. मी संपवला, तिने भरला. आमच्या अप्पांनी ताटात टाकलं म्हणून मला मारलंय, त्यामुळे समोर आलेलं टाकणं मला जमत नाही. संपवत गेलो, ती भरत गेली. सहाव्या ग्लासला पोटात कळ आली. एमरेची भाची कॉलेजात शिकते, इंग्रजी बोलते. तिला विचारलं, नाही कसं म्हणायचं.

"चमचा ग्लासवर आडवा ठेवा. म्हणजे पुरे."

आधी का नाही सांगितलंस, म्हटलं. ती हसली.

"आम्हाला वाटलं तुम्हाला आवडतोय. रिकामा ग्लास दिसला की आजी ओतणारच. तुम्ही बोलला नाहीत, तिची काय चूक?"

सातवा तोवर भरला होता. तो कसाबसा संपवून चमचा आडवा ठेवला. म्हातारीने लगेच किटली उचलून नेली. रागावली बिगावली नाही. येताना संत्रं घेऊन आली आणि सोलून माझ्या हातावर ठेवलं. परतीच्या बोटीत वारा जोराचा होता, बाहेर कोणी बसलं नव्हतं. मी बसलो.

चार दिवसांचं राहणं-खाणं-फिरणं मिळून तीनशे डॉलरच्या आत झालं. बघण्यासारखं अजून खूप होतं, डोंगरावर केबल कार जाते म्हणे, ती राहिली.

नेपरव्हिलला बर्फ पडला होता. एमरेने दाढी करताना विचारलं, किती ग्लास? सात म्हटलं. त्याला इतकं हसू आलं की वस्तरा बाजूला ठेवावा लागला. पैसे घेतले नाहीत.

क्लासची फी सोमवारी भरली. दादा, तुझी चूक नाही. स्लॅबला हो म्हटलं, टाइल्सला हो म्हटलं, पुरे कधी म्हटलंच नाही. आता म्हणतोय. गेट तुझ्या सवडीने बसव. अप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे तेवढे आज पाठवतोय, पाचशे डॉलर.